वाडीचे गवत : पेट्रोल की बॅटरी?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सड्यावरून वणवा उतरला आणि आमच्या वाडीतली हापूसची अकरा कलमे जाळून गेला. अब्बांनी स्वतः लावलेली, पंधरा-सोळा वर्षांची, नुकती चांगली धरू लागलेली कलमे. आग कुठून लागली ते कधीच कळले नाही. पण ती आमच्या गडग्याच्या आत का शिरली, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. त्या वर्षी वाडीतले गवत कापलेच गेले नव्हते.

कारण अगदी साधे होते. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांचे पेट्रोलवर चालणारे ग्रास कटर पडवीत तसेच पडून होते. पाऊस उघडल्यावर अम्मीने ते एका गड्याच्या हाती दिले. त्याने टाकीत नुसते पेट्रोल भरले. मशीन टू-स्ट्रोक होते, त्यात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावे लागते. हे त्याला कुणी सांगितले नव्हते आणि अम्मीलाही माहीत नव्हते. थोड्याच वेळात इंजिन तापून जाम झाले. मग दुरुस्तीला आज नेऊ, उद्या नेऊ, असे होत राहिले. विळ्याने कापायला माणसे मिळेनात. डिसेंबरपर्यंत गवत वाळून पिवळे झाले आणि पुढचे वर सांगितलेच आहे.

त्यानंतरच्या ईदला आम्ही भावंडे दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी जमलो, तेव्हा शीरखुर्म्याच्या वाट्या हातात असतानाच बोलणे गवतावर आले. भाईजान कुवेतला असतात. तिथल्या बंगल्यांपुढच्या हिरवळीवर फिरणारे चार चाकांचे लॉन मोवर त्यांनी मोबाइलवर दाखवले. म्हणाले, "हेच घेऊ. एकदाच चांगली वस्तू घ्यावी." मुंब्र्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "आता पेट्रोलचा जमाना गेला. बॅटरीचं घेऊ. ना धूर, ना आवाज." दोघांचा वाद बराच वेळ चालला. अम्मी ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आणा तुम्ही काय हवं ते. पण चालवणार कोण, ते आधी सांगा."

वाद तिथेच थांबला. गेल्या दोन वर्षांत दुकाने फिरून, माणसांना विचारून आणि स्वतः मशीन खांद्यावर घेऊन मी जे शिकले, त्याचे मूळ अम्मीच्या याच प्रश्नात आहे. आज कोकणात अनेक घरी मुले मुंबईत नाहीतर आखातात आणि गावी दोन-तीन एकरांची वाडी, तीत एकटी आई किंवा म्हातारे आईवडील, अशी स्थिती आहे. त्या घरांना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी जमीन पाहा

सर्वप्रथम भाईजानच्या लॉन मोवरचा विचार केला. हे मशीन १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी बनवले, ते सपाट हिरवळ एकसारखी कापण्यासाठी. आजही त्याचे काम तेच आहे. चार चाकांवरच्या झाकणाखाली पाते फिरते आणि घोट्याइतके गवत ते सुरेख कापते. पण कोकणातल्या वाडीत उतार असतो, कलमांची आळी असतात, जांभ्याचे दगड वर आलेले असतात आणि सप्टेंबरात गवत कमरेला लागते. तिथे चाके अडतात, पाते दगडावर बसते. ज्यांच्या घरापुढे खरोखर सपाट लॉन आहे आणि ते दर आठ-पंधरा दिवसांनी कापले जाणार आहे, त्यांनीच लॉन मोवर घ्यावे. आपल्यासाठी खांद्याला अडकवून चालवायचे ग्रास कटर, म्हणजेच ब्रश कटर, हेच खरे.

मग आम्ही जमिनीचे तीन भाग केले. पहिला भाग अंगण आणि परसू, विहिरीकडची वाट धरून सुमारे चार गुंठे. इथे जून ते ऑक्टोबर गवत सारखे वाढते आणि ते कापलेलेच बरे, कारण आमच्याकडे फुरशाची भीती असते. दुसरा भाग कलमांची वाडी, सुमारे दीड एकर म्हणजे साठ गुंठे. ती पाऊस संपल्यावर, मोहोर येण्याच्या आधी, एकदा नीट साफ व्हावी लागते. तिसरा भाग गडग्याच्या कडेचा पट्टा. तो सड्याला लागून आहे आणि वणवा तिथूनच येतो.

हे तीन भाग मांडल्यावर लक्षात आले की, ही तीन वेगवेगळी कामे आहेत. एक रोजचे, हलके. दुसरे वर्षातून एकदा, जड. तिसरे अगदी वेळेवर व्हायला हवे असे. तिन्हींना एकच मशीन शोधत होतो, म्हणून वाद मिटत नव्हता.

पेट्रोलची ताकद आणि तिची शिस्त

पेट्रोलच्या ग्रास कटरमध्ये ताकद असते, यात शंका नाही. कमरेइतके गवत, टणटणी, कोवळी झुडपे त्यापुढे टिकत नाहीत. टाकी संपली तर पाच मिनिटांत पुन्हा भरता येते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. छोटे इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत वाया घालवते. तरीही पाचवा हिस्सा कामाला आला असे धरले, तर ग्रास कटरच्या आठ-दहा बॅटऱ्यांचे काम एका लिटरच्या बाटलीत मावते.

पण या ताकदीला शिस्त लागते. टू-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल मिसळूनच पेट्रोल भरावे. प्रमाण मशीनबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. १:५० असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. फोर-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइलची जागा वेगळी असते, तिथे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही. आपले मशीन यांपैकी कोणते, हे टाकीवर मराठीत ठळक लिहून ठेवा. आमच्या अब्बांनी एवढी चिठ्ठी चिकटवली असती, तर ते मशीन आजही चालले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोल शिळे होते. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि समुद्रकाठच्या दमट हवेत तर अधिकच. ऑक्टोबरात वापरलेले मशीन टाकीत पेट्रोल ठेवून जूनपर्यंत पडून राहिले, तर कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो आणि मग दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी इंजिन चालू होत नाही. म्हणून हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. घरात मुले असतात. झाकण घट्ट बसणारा वेगळा डबा घ्यावा. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नये, दहा मिनिटे थांबावे.

तिसरी गोष्ट वजनाची आणि दोरीची. असे मशीन साधारण सात ते नऊ किलोचे असते. अम्मीचे वय बासष्ट. तिला ते खांद्यावर घेऊन उतारावर उभे राहता येत नाही आणि दोरीला झटका देता येत नाही. म्हणजे घरात मशीन असूनही ती दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणार.

बॅटरीचे आकडे कसे वाचावेत

बॅटरीचे मशीन घ्यायला गेलात, तर खोक्यावर '४० व्होल्ट', '२० व्होल्ट' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसेल. नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. बॅटरीत किती वीज मावते, ते व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केल्यावर कळते. शिवाय '४० व्होल्ट' हा बहुधा पूर्ण चार्ज झाल्याच्या क्षणाचा आकडा असतो, प्रत्यक्ष काम ३६ व्होल्टवर होते. '२० व्होल्ट'चे तसेच १८. म्हणजे ४० व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६ गुणिले ५, म्हणजे १८० वॉट-अवर वीज मावते. एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. याचा अर्थ एका युनिटाच्या पाचव्या भागाहूनही थोडी कमी.

आता ही वीज किती वेळ पुरेल? अंगणातल्या वीतभर गवतात मोटर अडीचशे-तीनशे वॉट घेत असेल, तर अर्धा-पाऊण तास. पण कमरेइतक्या ओल्या गवतात तीच मोटर सातशे वॉट घेऊ लागली, तर जेमतेम पंधरा मिनिटे. दुकानदार पहिला आकडा सांगतो. तो खोटा नसतो, पण तो आपल्या साठ गुंठ्यांचा नसतो.

चार्जिंगचा हिशेबही करावा. बॅटरी भरायला एक तास आणि संपायला वीस मिनिटे लागत असतील, तर न थांबता काम करायला चार बॅटऱ्या आणि तीन चार्जर लागतील. एवढ्या बॅटऱ्या घेतल्या तर मशीनपेक्षा त्यांचाच खर्च जास्त होतो. त्यात पावसाळ्यात गावची वीज दोन-दोन दिवस येत नाही, ते वेगळेच.

मग बॅटरीचे काहीच चांगले नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. ती बटण दाबताच चालू होते. बॅटरीसकट वजन साधारण तीन ते पाच किलो. धूर नाही, पेट्रोलचा वास नाही, हाताला बसणारी थरथर कमी. आवाज इतका कमी की पडवीत बाळ झोपले असेल तरी अंगण कापता येते. कार्बोरेटर नाही, प्लग नाही, ऑइल नाही.

जपायची आहे ती फक्त बॅटरी. काम झाल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, निवू द्यावी. उन्हात किंवा पत्र्याच्या खोपीत ठेवू नये. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरून, घरातल्या थंड कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी वापरू नये आणि कचऱ्यात टाकू नये. चार्जिंग गादीवर, चटईवर किंवा सर्व झोपल्यावर करू नये. नीट जपली तर अशी बॅटरी साधारण ५०० ते १००० वेळा चार्ज होते.

खर्चाचा हिशेब

आमच्या वाडीत आम्ही दोन्ही प्रकार चालवून पाहिले, एक गावातले मागून आणि एक नातेवाइकांचे. कमरेइतक्या गवतात एका बॅटरीत सुमारे दीड गुंठा झाला. म्हणजे साठ गुंठ्यांना चाळीस वेळा चार्जिंग. दिवसाला सहा वेळा झाले तरी आठवडा जाणार. पेट्रोलच्या मशीनने तासाला पाच गुंठ्यांच्या आसपास झाले. म्हणजे बारा तास, दोन-तीन दिवसांचे काम. पेट्रोल तासाला सुमारे पाऊण लिटर धरले तर नऊ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी नऊशे रुपये आणि ऑइल वेगळे.

आता अंगणाचा हिशेब. चार गुंठे, गवत वीतभर, पंधरा दिवसांनी एकदा. दोन बॅटऱ्यांत आटोपते. एक बॅटरी भरायला साधारण ०.२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी दोन रुपये. म्हणजे एका वेळचे चार रुपये आणि पावसाळाभराचे चाळीस. हेच काम माणूस बोलावून करायचे, तर त्याची मजुरी पाहा आणि तो मिळेपर्यंतचे दिवसही मोजा.

साठ गुंठ्यांना पेट्रोल आणि चार गुंठ्यांना बॅटरी, असे उत्तर आकड्यांनीच दिले. पण वर्षातून तीन दिवसांसाठी पेट्रोलचे मशीन विकत घेऊन बाकीचे तीनशे बासष्ट दिवस ते सांभाळायचे कशाला? आमच्या जमातीकडे कब्रस्तानसाठी घेतलेले पेट्रोलचे ग्रास कटर आहे. ते चालवायला शिकलेली गावातली दोन तरुण मुले आहेत. वाडीवाल्यांना ती मशीनसह रोजावर येतात. मशीनचे ठरलेले भाडे जमातीच्या दुरुस्ती खात्यात जाते. ज्या गावात अशी सोय नाही, तिथे चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक घ्यायला हरकत नाही. मात्र चालवणारा एकच ठरवावा. दहा हातांत फिरणारे मशीन कुणाचेच राहत नाही.

आपले आणि दुसऱ्याचे डोळे

मशीन पेट्रोलचे असो की बॅटरीचे, इजा सारखीच होते. आमच्याच वाडीत एकदा पात्याने उडवलेला जांभ्याचा खडा बाजूला उभ्या असलेल्या मुलाच्या नडगीवर बसला. पाच टाके पडले. तोच खडा डोळ्यावर बसला असता तर? म्हणून मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणीही असू नये, मूल असो की बकरी. चालवणाऱ्याने गॉगल किंवा जाळी, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड पँट घालावी. ओढणी, लुंगी, सैल कुर्ता अशा वेळी नको. पेट्रोलच्या मशीनला कानाचे झाकणही हवे. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज तासन्‌तास काम केल्याने ऐकू येणे कमी होते आणि गेलेले परत येत नाही.

धातूचे पाते गवताच्या मोकळ्या पट्ट्यात वापरावे. दगड, गडगा, भिंत यांच्याजवळ नायलॉनची दोरी लावावी. बहुतेक मशिनांचे पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्याची पुढची उजवी बाजू खोडाला किंवा दगडाला लागली तर मशीन जोरात झटका देते. म्हणून उजवीकडून डावीकडे, डाव्या बाजूने कापत जावे. कोवळ्या कलमांच्या बुंध्याजवळ मशीन नेऊच नये. नायलॉनची दोरीसुद्धा साल सोलते आणि साल भोवताली गेली की कलम वाळते. बुंध्याभोवतीचे हातभर गवत विळ्यानेच काढावे. गुरांना वैरण हवी असेल तर पात्याने किंवा विळ्याने कापावे. नायलॉनने गवताचा भुगा होतो आणि त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत.

कब्रस्तानात तर जास्तच जपावे. कबरींच्या कडेचे दगड गवतात दिसत नाहीत. तिथे फक्त नायलॉनची दोरी, तीही सावकाश, आणि कबरीच्या अगदी लगतचे गवत हाताने. आमच्याकडे मुले आधी दगडांवर चुन्याची खूण करतात, मगच मशीन चालू करतात.

दुकानात विचारायचे प्रश्न

मशीन घेण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते का, की मुंबईला पाठवावे लागते? बॅटरी वेगळी मिळते का, तिची किंमत किती आणि वॉरंटी मशीनइतकीच आहे की कमी? तीच बॅटरी त्या कंपनीच्या ड्रिलला किंवा फवारणीच्या पंपाला चालते का? पाती आणि नायलॉनची दोरी जवळ मिळते का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो माणूस ते चालवणार आहे त्याला, किंवा तिला, दुकानात नेऊन मशीन खांद्यावर अडकवून पाहू द्या. शेतीच्या अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज घेतले जातात. आपल्याला हवे ते मशीन यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा आणि मंजुरी मिळाल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या मशीनचे अनुदान मागता येत नाही.

आमच्या घरी काय ठरले

आम्ही अम्मीसाठी हलके बॅटरीचे ग्रास कटर आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. पहिले दोन दिवस ती हात लावायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी असरनंतर मी परसात गेले, तर गमबूट आणि अब्बांचा जुना सदरा घालून ती विहिरीची वाट कापत होती. मला म्हणाली, "जरा लांब उभी राहा. पंधरा मीटर."

कलमांची वाडी आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जमातीच्या मशीनने साफ होते. तारीख पाऊस संपण्याआधीच ठरते आणि पैसे तीन भावंडे वाटून देतो. गडग्याच्या आतून चार-पाच पावलांचा पट्टा नोव्हेंबरात पुन्हा एकदा कापून, पडलेले गवत ओढून आत कलमांच्या आळ्यांत, बुंध्यापासून थोडे दूर, आच्छादन म्हणून टाकले जाते. गडग्यालगत काडीही ठेवायची नाही, असा अम्मीचा हुकूम आहे.

मागच्या मार्चमध्ये सड्यावर पुन्हा आग दिसली. रात्रीची वेळ होती. अम्मीने शेजाऱ्यांना हाक मारली, माणसे हिरव्या टहाळ्या आणि पाण्याच्या कळशा घेऊन धावली. आग गडग्यापर्यंत आली. आत मोकळी जमीन होती, जळायला काही नव्हते. ती तिथेच विझली. सकाळी अम्मीचा भाईजानला फोन गेला. मी शेजारी बसले होते. भाईजानने विचारले, "मशीन बरी चालते ना?"

अम्मी म्हणाली, "मशीन बरीच आहे. पण बेटा, गवत वेळेवर कापलं होतं."

अब्बांच्या जळालेल्या कलमांच्या जागी या पावसाळ्यात आम्ही अकरा नवी कलमे लावली. त्यांच्या बुंध्याभोवतीचे गवत अम्मी विळ्यानेच काढते.